पाव संपला, चोरीस उरले: मडगावच्या एका गाड्याचं प्रकरण

मडगावात संध्याकाळी लागणाऱ्या एका गाड्यावर मे महिन्यातल्या एका शनिवारी पावणेनऊच्या सुमाराला असं झालं: कढईत चोरीस (व्हिनेगर-मसाल्यात मुरवलेले डुकराच्या मांसाचे गोव्याचे सॉसेज) शिल्लक होते, समोर पंधरा-वीस गिऱ्हाइकं उभी होती, आणि मालकाने गॅस बंद केला. पाव संपला होता. रस्त्यापलीकडच्या दुकानात स्लाइस ब्रेडची पाकिटं मांडलेली इथून दिसत होती. ती आणून द्यायची तयारी गिऱ्हाइकांनीच दाखवली. मालक नाही म्हणाला आणि भांडी आवरायला लागला.

त्या गिऱ्हाइकांत माझे पाहुणे होते. सांगलीहून आतेभाऊ, वहिनी आणि आत्या आले होते. गोव्यात मुक्कामाची त्यांची ती शेवटची रात्र, आणि ह्या गाड्याचं नाव ते घरून निघतानाच ठरवून आले होते. कोणाच्या तरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ बघितला होता. मी त्यांना घेऊन गेले, उभी राहिले, आणि जे झालं ते सगळं पाहिलं. मी वाणिज्य शाखेच्या मुलांना व्यवसाय व्यवस्थापन शिकवते. मोठमोठ्या कंपन्यांची प्रकरणं वर्गात वाचून दाखवताना मुलांचे डोळे मिटायला लागतात. ह्या गाड्याचं प्रकरण सांगितल्यावर मात्र तास संपला तरी वाद चालू राहिला. म्हणून ते नीट मांडते आहे.

प्रश्न एवढाच. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं हा आडमुठेपणा, की धंद्याची समज? माझं उत्तर समज असंच आहे. पण त्या समजेत एक खोट आहे, आणि ती पहिल्यांदा येणाऱ्या माणसालाच सोसावी लागते.

गाडा आणि त्याची रीत

गाडा म्हणजे चार चाकांवरचं पत्र्याचं कपाट. एका बाजूला गॅसची शेगडी आणि तिच्यावर पसरट कढई, शेजारी तवा, मागे पावाची टोपली, वर एक ट्यूबलाइट. मालक स्वतः कढईशी. दुसरा हात त्याच्या पुतण्याचा: तो पाव चिरतो, कागदात बांधतो आणि पैसे घेतो. संध्याकाळी साडेसहा-सातला गाडा लागतो. फळा नाही, दरपत्रक नाही, टोकन नाही. मिळतं ते मोजकंच: चोरीस-पाव, कटलेट-पाव, ऑम्लेट-पाव.

पाहुण्यांना पहिली अडचण आली ती इथेच. आतेभाऊ शिस्तीचा माणूस. तो रांगेचं शेपूट शोधत होता, आणि तिथे रांगच नव्हती. गाड्याभोवती अर्धगोल करून माणसं उभी होती. कोणी स्कूटर बंद न करताच दोन बोटं दाखवत होतं, कोणी नुसतं “पात्राव, चार, बांदून” म्हणून बाजूला जाऊन फोनवर बोलत होतं. आतेभाऊ सगळ्यांच्या मागे, शहाण्या मुलासारखा उभा. त्याच्या मागून आलेल्या तिघांना पाव मिळाले, तेव्हा तो मला म्हणाला, “ताई, इथं वशिला लागतो का गं?”

वशिला लागत नाही. थोडा वेळ बघितलं की रीत कळते. मालकाची आणि आपली नजरानजर झाली की मोठ्याने काय हवं ते सांगायचं. त्याने मान हलवली की आपली ऑर्डर लागली. तो ती लिहून घेत नाही, पण विसरतही नाही. पुढचा घाणा कढईत पडला की मान हलवलेल्या क्रमानेच पाव भरले जातात. म्हणजे रांग आहेच, फक्त ती रस्त्यावर दिसत नाही, मालकाच्या डोक्यात आहे. रोजच्या माणसाला हे सांगावं लागत नाही आणि नव्याला कोणी सांगत नाही. आम्ही साधारण आठला पोचलो. आतेभावाची ऑर्डर लागेपर्यंत सव्वाआठ होऊन गेले होते. पुढच्या सगळ्या घडामोडीत ही पंधरा मिनिटं महत्त्वाची ठरली.

आत्याचा प्रश्न निराळा होता. ती अंडं खाते, मांस-मासळी नाही. तिने सरळ विचारलं, “ऑम्लेटला वेगळा तवा आहे का हो?”

मालकाने हातातला चमचा थांबवला. “नाही आंटी, तवा एकच. चोरीसचं तेल लागणार त्याला.” आणि पुतण्याला म्हणाला, “तांका भज्यांचो गाडो दाखय.”

पुतण्या चार पावलं बाहेर येऊन आत्याला कोपऱ्यावरचा मिरची-भजीचा गाडा दाखवून गेला. ह्या एका गोष्टीसाठी मला तो मालक मनापासून आवडला. “धुऊन देतो” म्हणून एक ऑम्लेट विकणं त्याला सहज जमलं असतं. आपल्याकडे खाण्यापिण्याच्या नेमधर्माबद्दल अवघडून, आडून विचारायची सवय आहे. गाड्यावर सरळ विचारावं, कारण बहुतेक वेळा उत्तरही सरळ मिळतं. आत्या पावात मिरची-भजी घालून मजेत खात बसली. त्या रात्री पोटभर जेवली ती एकटीच.

पावणेनऊ

साडेआठच्या सुमाराला पुतण्याने टोपलीवरचं निळं प्लॅस्टिक पूर्ण बाजूला केलं. तळाशी थोड्याच पोया, म्हणजे कोंडा लावलेले पोकळ पाव, उरल्या होत्या. त्याने मालकाकडे बघितलं, मालकाने समोरच्या माणसांकडे. ह्या क्षणी दोघांनाही कळलं होतं की ज्यांना मान हलवून झाली आहे त्यांच्यातल्या शेवटच्या काहींपर्यंत पाव पोचणार नाही. पण कोणी काही बोललं नाही. घाणा शिजवला गेला, पाव भरले गेले, आणि आमच्या आधीच्या माणसाची सहा पावांची पुडी बांधून झाल्यावर टोपली उलटी करून झटकली गेली.

“पाव सोंपलो,” मालक म्हणाला.

आतेभाऊ पुढे झाला. “काका, समोर दुकान आहे. ब्रेडचं पाकीट मी आणून देतो. तुम्ही फक्त भरून द्या. पैसे तेवढेच घ्या.”

“ना बाब. पाव सोंपलो म्हणजे गाडो सोंपलो. फाल्यां सात वरांचेर येयात.”

“आम्ही उद्या सकाळी निघतोय हो.”

मालकाला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. कढईत जे चोरीस-कांदा उरला होता तो त्याने डब्यात भरला आणि आम्हाला नेहमीपेक्षा कमी पैशांत दिला. “घरी ताजी पोई घेयात आनी खायात,” असं बजावलं. आणखी दोघातिघांनी काहीतरी मागून बघितलं, पण काही उपयोग झाला नाही. गर्दी पांगली. वहिनी वाटेत म्हणाली, “गिऱ्हाईक दारात असताना कोणी धंदा बंद करतं का?”

पोई नाही तर स्लाइस चालेल, असं का नाही

सकाळी आमच्या गल्लीत पोदेर, म्हणजे पाव भाजून विकणारा, आला. सायकलच्या मागे टोपली, भोंग्याचा पों-पों, सगळं नेहमीसारखं. मी गरम पोया घेतल्या. घरात स्लाइस ब्रेडचंही पाकीट होतं. फ्रिजमध्ये ठेवलेले चोरीस आम्ही पुन्हा चांगले कढत केले, आणि आतेभावाने हट्टाने दोन्ही प्रकार करून बघितले.

स्लाइसमध्ये चोरीस भरून हातात घेईपर्यंत खालचा ब्रेड लाल झाला होता. दुसऱ्या घासाला तो मधोमध फाटला, आणि कांदा-मांस ताटात. चवीचंही बिनसलं. पाकिटातल्या ब्रेडला जी किंचित गोडी असते ती व्हिनेगरच्या आंबटपणाशी जुळत नव्हती. पोईचं उलट झालं. पोई भाजताना फुगते आणि आत पोकळ होते. कडेने चिरली की खिसा तयार. वरून गव्हाचा कोंडा भुरभुरलेला, साल चिवट. चोरीसची चरबी आतल्या बाजूने मुरते, पण साल ओली होत नाही. शेवटच्या घासापर्यंत पोई हातात धड राहिली. आतेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “काका बरोबर होते.”

ह्यामागे चोरीसचा स्वभाव आहे. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे तुकडे मीठ लावून, तांबड्या मिरच्या, लसूण, आलं, मिरी, लवंग, दालचिनी आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवतात, आतड्यात भरून दोऱ्याने गाठी मारतात, आणि उन्हात व धुरावर सुकवतात. जपमाळेसारख्या त्या माळा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि मडगावच्या बाजारात टांगलेल्या दिसतात. ही मुळात पावसाळ्याची बेगमी. गोव्यात तिला पुरुमेंत म्हणतात. मडगावात होली स्पिरिट चर्चजवळ पावसाच्या तोंडावर पुरुमेंताचं फेस्तच भरतं, तिथे सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं आणि चोरीस भरून न्यायला लोक येतात. शिजवताना तेल घालायचं नसतं. वरचं आवरण काढून थोडं पाणी आणि पुष्कळ कांदा घातला की चरबी आपोआप सुटते आणि कांदा तिच्यातच शिजतो. म्हणजे गाड्यावरचा चोरीस-पाव हा जवळजवळ अर्धा रस्साच असतो, आणि तो हातात धरून उभ्याने खायचा पदार्थ होतो तो केवळ पावामुळे.

त्यामुळे मालकाच्या दृष्टीने स्लाइस ब्रेड ही पर्यायी वस्तू नाहीच. त्या रात्री त्याने आतेभावाला स्लाइसमध्ये चोरीस भरून दिले असते, तर सांगलीला जाऊन आतेभावाने काय सांगितलं असतं? “नाव मोठं, पण हातात लगदा येतो.” ज्याला पहिल्यांदा आणि कदाचित एकदाच खायचं आहे त्याच्यासमोर वाईट पदार्थ ठेवण्यापेक्षा काहीच न ठेवणं मालकाने पसंत केलं. इथवर त्याचं मला पूर्ण पटतं.

मग पाव जास्त का मागवत नाही?

वर्गात हा प्रश्न आला तेव्हा मी फळ्यावर हिशेब मांडला. व्यवस्थापनशास्त्रात पेपर विकणाऱ्या माणसाचं एक जुनं कोडं आहे. सकाळी किती पेपर घ्यायचे? कमी घेतले तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त घेतले तर रात्री रद्दी. कमी पडल्याचा तोटा आणि उरल्याचा तोटा ह्यांचं प्रमाण काढायचं आणि त्यावरून माल ठरवायचा.

खरे आकडे मला मालकाने दिलेले नाहीत, तेव्हा हिशेबापुरतं धरू. समजा पोई ५ रुपयांना पडते, आणि एका चोरीस-पावामागे सगळा खर्च जाऊन २५ रुपये सुटतात. एक पोई उरली तर ५ रुपये गेले. एक कमी पडली तर २५ गेले. २५ भागिले ३० म्हणजे सुमारे ८३ टक्के. ह्याचा अर्थ, त्याने एवढा पाव मागवायला हवा की दर सहा संध्याकाळींपैकी पाच संध्याकाळी थोडा तरी उरेल आणि फक्त एकदा कमी पडेल. त्याच्याकडे मात्र पाव संपणं हे नेहमीचंच. रोजची माणसं सातलाच येतात ती त्याचसाठी. मग पुस्तकाच्या हिशेबाने तो चुकतोय का?

एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, “मॅम, २५ रुपये गेले कुठे? चोरीस तर त्याच्याकडेच आहेत.”

तिचं म्हणणं अगदी मुद्द्याचं होतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दी होतो. चोरीस होत नाहीत. ते टिकण्यासाठीच बनवलेले असतात. मालक एका वेळी एकच घाणा शिजवतो, बाकीच्या माळा तशाच टांगलेल्या असतात. पाव संपला तर उरतो तो फार तर अर्धा घाणा, आणि तोही डब्यात भरून विकला जातो. आणि गिऱ्हाईक? जवळपासच्या घोगळचा किंवा फातोर्ड्याचा माणूस रिकाम्या हाताने गेला तर उद्या पुन्हा येतो, आणि थोडा लवकर येतो. म्हणजे त्याच्या बाबतीत विक्री बुडाली नाही, पुढे ढकलली गेली. कमी पडल्याचा तोटा २५ नाही, समजा ५ रुपयेच. मग प्रमाण निम्म्यावर येतं, आणि एक दिवसाआड पाव संपणं हाच शहाणपणा ठरतो.

दुसऱ्या बाजूला पोई मात्र पेपरासारखीच. सकाळची संध्याकाळी चिवट, संध्याकाळची सकाळी लाकूड. पोदेर उरलेला पाव परत घेत नाही, आणि घ्यावा अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. म्हणजे ह्या गाड्यावर टिकाऊ वस्तू आहे मांस, आणि नाशवंत वस्तू आहे पाव. बाहेरून बघणाऱ्याला नेमकं उलटं वाटतं.

हा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: गिऱ्हाईक उद्या येणार. सांगलीचा आतेभाऊ उद्या येणार नव्हता. त्याच्यापुरते ते २५ रुपये खरंच बुडाले, आणि त्याची एक संध्याकाळही. ज्या रीतीने गाडा इतकी वर्षं नीट चालला, ती रीत उद्या परतणाऱ्या माणसासाठी बेतलेली आहे. नजरेने लागणारी ऑर्डर, न लिहिलेले दर, संपणारा पाव, सगळंच. आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्याच्यासमोर आणून उभी केली आहेत ती एकदाच येणारी माणसं. मालक बदललेला नाही, समोरची गर्दी बदलली आहे.

पोदेराची बाजू

साडेआठला पाव संपत आला, तर पोदेराकडून आणखी मागवता येत नाही का? पाहुण्यांना हे साधं वाटलं. तसं नाही. पोदेर दिवसातून दोनदा भाजतो, पहाटे आणि दुपारनंतर. दुसरी भट्टी संध्याकाळच्या फेरीसाठी असते. ती विझली की त्या दिवशीचं काम संपलं. मध्यरात्र उलटल्यावर त्याला पुन्हा पीठ मळायला उठायचं असतं. गाड्याला किती लागणार हे त्याला आधी सांगावं लागतं, आणि आज चाळीस, उद्या नव्वद असं त्याला चालत नाही, कारण त्याच भट्टीवर आजूबाजूच्या घरांची रोजची टोपली अवलंबून असते. घरोघरचा पाव तोडून गाड्याला द्यायचा म्हणजे गावाशी वैर.

ह्या धंद्याचा इतिहास गोव्यात सगळ्यांना थोडाफार माहीत असतो. पोर्तुगीज आले, त्यांना पाव हवा होता, यीस्ट नव्हतं. माडाची सूर घालून पीठ आंबवायची युक्ती निघाली, आणि गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या माजोर्डा गावाकडे त्या कलेचं माहेर म्हणून बोट दाखवतात. आता सूर काढणारे रेंदेर कमी झाले आणि बहुतेक ठिकाणी यीस्टच पडतं. लाकडाची भट्टी पुष्कळ ठिकाणी अजून आहे. पोई, उंडो, चौकोनी पाव, कातरे, कडक काकणं हे प्रकारही आहेत. पण भट्टीपुढे पहाटे उभं राहायला घरची पुढची पिढी तयार नाही. कित्येक भट्ट्या बाहेरून आलेले कामगार चालवतात. मला खरी काळजी वाटते ती ह्याची. गाड्याचं नाव व्हिडिओत येतं, पोदेराचं कधीच येत नाही. आणि गाड्याने रोज किती माणसांना खाऊ घालायचं ह्याची मर्यादा तोच ठरवतो. चोरीस कोणाकडूनही घेता येतील, पोई त्याच भट्टीची लागते.

मालकाने शनिवार-रविवारसाठी थोड्या जास्त पोया आधी सांगून ठेवाव्यात, असं मला वाटतं. निदान सुट्ट्यांच्या हंगामात. फार नाही, दहा-पंधरा. त्याहून जास्त भरून उपयोग नाही, कारण कढई एकच आणि हात चारच. घाण्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चाळीस पोया जास्त आणल्या तर गाडा आणखी तासभर चालवावा लागेल, आणि माणसंही तेवढा वेळ उभी करावी लागतील.

खोट कुठे होती

मालकाने स्लाइस ब्रेड नाकारला, ते बरोबर. पाव मोजका ठेवतो, तेही त्याच्या बाजूने बरोबर. पण साडेआठला टोपलीचा तळ दिसल्यावर तो गप्प राहिला, हे मला पटलं नाही. त्या वेळी अर्धगोलात उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांना पाव मिळणार नव्हता, हे त्याला माहीत होतं. ते लगेच सांगितलं असतं, तर आतेभाऊ-वहिनी आत्याबरोबर भजी-पाव तरी खाऊन आले असते. पावणेनऊला तो गाडाही आवरला होता. घरी येऊन त्या दोघांनी दहीभात खाल्ला.

त्याच्या गप्प राहण्यामागे लबाडी नव्हती. रोजच्या माणसाला सांगावंच लागत नाही. तो टोपलीवरचं प्लॅस्टिक किती खाली गेलं ते बघून स्वतःच अंदाज बांधतो आणि पाय काढता घेतो. मालकाला वर्षानुवर्षं अशीच माणसं मिळाली. नव्या माणसाला टोपलीकडे बघायचं असतं हेच ठाऊक नसतं. तो कढईकडे बघतो, आणि कढई भरलेली दिसते.

उपाय स्वस्त आहे. गाड्याला एक छोटी पाटी टांगावी आणि खडूने लिहावं: पाव इतके उरले. पुतण्याने मान हलवलेल्या ऑर्डरींचे पाव वजा करत आकडा पुसून बदलायचा. वर्गात एका मुलाने ऑनलाइन बुकिंग सुचवलं, दुसऱ्याने टोकनयंत्र. दोन्ही मला ह्या गाड्यासाठी नको वाटतात. मालकाच्या डोक्यातली रांग चोख चालते आहे, तिला हात लावायचं कारण नाही. बाहेर यायला हवी ती फक्त एक संख्या, जी त्याच्यापाशी आधीपासूनच असते.

मागच्या महिन्यात मी गाड्यावर गेले तेव्हा ही पाटीची कल्पना त्याला सांगितली. त्याने ऐकून घेतलं. पुतण्याला ती आवडली, काकाला शंका होती: आकडा लिहिला की शेवटच्या पाच पावांवर भांडणं होतील, आणि रोजच्यासाठी दोन बाजूला काढून ठेवायची सोय राहणार नाही. ही दुसरी अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि ती खरी आहे. त्यावर पुतण्याने तोडगा काढला: रोजच्यांचे पाव आधीच वेगळ्या टोपलीत काढायचे आणि पाटीवर उरलेल्यांचाच आकडा लिहायचा. काकाने नाही म्हटलं नाही. गणेशचतुर्थीच्या सुट्टीत परगावची गर्दी पुन्हा वाढेल, तेव्हा करून बघू, असं ठरलं आहे.

तोवर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सातच्या आत पोचावं. आधी टोपली बघावी, मग मालकाशी नजर मिळवून मोठ्याने सांगावं. सुटे पैसे हातात ठेवावेत. डुक्कर खात नसाल तर तव्याबद्दल विचारावं आणि कोपऱ्यावरच्या भजीच्या गाड्याकडे वळावं. तिथली मिरची-भजी पावात घालून खाण्यासारखी आहेत. आणि चोरीस-पाव घेतलात तर तो तिथेच, उभ्याने खावा. बांधून नेलेला घरी पोचेपर्यंत कागदाला तेल सुटतं.